ऑर्केस्ट्रातली परमनंट नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात व्हायोलिन शिकवतो. विद्यार्थी दहावी-बारावीला आले की पालक क्लास सुटल्यावर रेंगाळतात आणि चपला घालता घालता विषय काढतात: यात पुढे काही आहे का, परदेशातल्या एखाद्या ऑर्केस्ट्रात नोकरी लागेल का? बाहेर शिकायला गेलेली मुलं रात्री मेसेज करून तेच विचारतात, फक्त जरा घाबरून. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. इथे ऑर्केस्ट्रा म्हणजे सिंफनी ऑर्केस्ट्रा. गणेशोत्सवातल्या हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्राचा हिशोब निराळा असतो.

मुलगी खरंच छान वाजवते. मग नोकरी मिळणं एवढं अवघड का?

जागाच निघत नाहीत म्हणून. छान वाजवणाऱ्यांचा तुटवडा जगात कुठेच नाही.

मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रात साधारण शंभर वादक असतात. त्यातली तीसेक व्हायोलिनं, म्हणून व्हायोलिनवाल्यांना अधूनमधून संधी तरी दिसते. ट्यूबा मात्र एकच, हार्प बहुधा एकच. ट्यूबाच्या खुर्चीत तिशीचा माणूस बसला की पुढची तीस-पस्तीस वर्षं त्या गावाकडे बघायचं नाही. अमेरिकेत तर वय झालं म्हणून सक्तीची निवृत्तीही नसते. अटलांटा सिंफनीच्या डबल बेसवादक जेन लिटल 1945 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी रुजू झाल्या आणि 2016 मध्ये कार्यक्रम चालू असताना स्टेजवर कोसळून गेल्या. एकाच ऑर्केस्ट्रात 71 वर्षं. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच आहे, पण त्या 71 वर्षांत डबल बेस शिकून बाहेर पडलेल्यांचाही विचार मनात येतोच.

अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांच्या वादकांची एक संघटना आहे. तिच्यात पन्नासेक ऑर्केस्ट्रा आणि सुमारे चार हजार वादक आहेत. तेहतीस कोटींच्या देशात धड पगाराच्या जागा साधारण एवढ्याच. जर्मनी म्हणजे या क्षेत्राची पंढरी, पण तिथेही 1992 मध्ये सरकारी पैशावर चालणारे 168 ऑर्केस्ट्रा होते, ते विलीनीकरण आणि टाळेबंदी होत होत 129 वर आले. जास्त फटका पूर्वेकडच्या छोट्या शहरांना बसला. देशातली 24 संगीत विद्यापीठं मात्र दरवर्षी पदवीधर बाहेर काढतच असतात, आणि त्यांच्यात कोरिया, जपान, चीनमधून आलेली तयार मुलंही असतात. एका जागेला शंभर-दोनशे अर्ज येणं ही नेहमीची गोष्ट आहे.

भारतात अशी नोकरी आहे का?

जवळपास नाही. व्यावसायिक सिंफनी ऑर्केस्ट्रा म्हणावा असा एकच आहे: मुंबईच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या संस्थेतला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. खुशरू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी तो 2006 मध्ये उभा केला. मुंबईत कायम राहणारा वादकांचा गट छोटा आहे. सीझन आला की बाकीची फौज कझाकस्तानातून आणि युरोपातून येते. भारतीय नावं मोजकी. हे ऐकून काही पालकांना राग येतो. पण दोन-तीन दिवसांच्या तालमीत माहलरची सिंफनी उभी करायला जी सवय लागते ती मुळात ऑर्केस्ट्रात बसूनच येते, आणि बसायला ऑर्केस्ट्रा नाहीत. हा फेरा इथे अजून तुटलेला नाही. एनसीपीएनं मुलांना लहानपणापासून शिकवायला सुरुवात केली आहे, त्याची फळं दिसायला वेळ लागेल.

ही रड जुनीच आहे. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला, पण त्यावर वादकांचं घर चालेल अशी सोय कधीच झाली नाही. ते स्वतः पुढे मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवायला गेले आणि नंतर अमेरिकेत स्थायिक झाले. मुलगा झुबिन त्याआधीच, 1954 मध्ये, व्हिएन्नाला पोचला होता.

पाश्चात्त्य वाद्यांवर पोट भरलं ते गोव्याच्या वादकांनी, मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत. चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन वाचायला शिकलेली ही मंडळी समोर कागद ठेवला की पहिल्या फटक्यात वाजवायची. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे. पण तिथेही पैसे रेकॉर्डिंगचे मिळायचे, पगार असा नव्हताच. सिंथेसायझर आला आणि नव्वदच्या दशकात तीस-चाळीस व्हायोलिनांची बैठक हळूहळू उठली.

फुंकवाद्यं आणि तालवाद्यं वाजवणाऱ्यांना एक रस्ता आहे, तो म्हणजे सैन्यदलांचे बँड. नौदलाचे वादक कुलाब्याला आयएनएस कुंजालीत तयार होतात आणि नौदलाचा बँड सिंफनिक तोडीचा वाजवतो. आता भरती अग्निवीर म्हणून होते, म्हणजे चार वर्षांची, आणि पुढे कायम होणारे जास्तीत जास्त पंचवीस टक्के. तिथेही परमनंटचा प्रश्न सुटला असं म्हणता येत नाही.

लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षेची आठवी, म्हणजे शेवटची, ग्रेड डिस्टिंक्शनमध्ये झाली आहे. आता अर्ज करावा का?

अभिनंदन, पण नाही. आठवी ग्रेड म्हणजे संगीत विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेचा विचार करायला हरकत नाही, इतकंच. तिथून नोकरीच्या ऑडिशनपर्यंत सहा ते दहा वर्षं धरा. आणि ऑर्केस्ट्राच्या अर्जात ग्रेड लिहू नका, वाचणारा हसेल.

ऑडिशनला नेमकं काय वाजवायला लावतात?

दोन गोष्टी. एक म्हणजे कॉन्चेर्तोचा (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या रचनेचा) भाग आणि दुसरी म्हणजे एक्सर्प्ट, अर्थात सिंफनी-ऑपेरांमधले ठरलेले अवघड उतारे. यादी आधी मिळते आणि ती जगभर थोड्याफार फरकानं तीच असते. व्हायोलिनला मोत्झार्टचा तिसरा, चौथा किंवा पाचवा कॉन्चेर्तो, चेलोला हायडन, क्लॅरिनेटला मोत्झार्ट, ट्रम्पेटला हायडन. मोत्झार्टच का, असं मुलं वैतागून विचारतात. त्याच्या संगीतात लपायला जागा नसते म्हणून. चायकोव्हस्की आवेशात निभावून नेता येतो. मोत्झार्टची साधी, उतरती सुरावट वाजवताना सूर, धनुष्याचा हात आणि लय यातलं काय कच्चं आहे ते आठ मापांत (बारमध्ये) कळतं.

खरी कत्तल एक्सर्प्टमध्ये होते. रिचर्ड स्ट्राउसच्या ‘डॉन हुआन’चं पहिलं पान जगातल्या प्रत्येक व्हायोलिनवाल्याला पाठ असतं. सुरुवातच उसळून वर जाणारी. सोळाव्या मात्रांचे वेगवान स्वर आणि ट्रिप्लेट शेजारी शेजारी येतात, आणि घाईत दोन्ही एकसारखे होऊन जातात. परीक्षक नेमकं तेच ऐकायला बसलेले असतात. मग शुमानच्या दुसऱ्या सिंफनीतला स्केर्झो, म्हणजे जलद, खेळकर भाग, जिथे उजवा हात थांबतच नाही. मेंडेलसोनच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’चा स्केर्झो, अगदी हलक्या हातानं उडवायचा. मोत्झार्टच्या 39व्या सिंफनीचा शेवटचा भाग. आणि हे सगळं एकट्यानं, कोरडं, साथीला कोणी नाही.

माझ्या मते सगळ्यात क्रूर एक्सर्प्ट व्हायोलिनचा नाहीच, तो साइड ड्रमचा. राव्हेलच्या ‘बोलेरो’त दोन मापांचा एकच ठेका 169 वेळा येतो, ऐकू येईल न येईल इथपासून कानठळ्यांपर्यंत. ऑडिशनला सुरुवातीचा भाग मागतात. शांत हॉल, थंड हात, आणि काठीचं टोक चामड्यापासून जेमतेम बोटभर वर. एक ठोका जाड पडला की तो परीक्षकांच्या कागदावर गेला.

एक्सर्प्ट सुटा तुकडा म्हणून घोकू नका. संपूर्ण सिंफनी ऐका, त्या क्षणी बाकीचं कोण काय वाजवतंय ते माहीत करून घ्या. बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीतला बेसचा उतारा वाजवताना पुढे व्हायोला, मग व्हायोलिन तीच सुरावट उचलणार आहेत हे ज्याच्या डोक्यात असतं त्याचं वाजवणं निराळं ऐकू येतं. हे कानाला कळतं कसं, ते मला शब्दांत सांगता येत नाही, पण कळतं.

ऑडिशनच्या दिवशी काय होतं?

अमेरिकेतली पद्धत सांगतो. तुम्हाला नंबर मिळतो, नाव तिथेच संपतं. एका मोठ्या खोलीत पंधरा-वीस जण एकाच वेळी तेच डॉन हुआन वाजवत असतात. त्या खोलीत जास्त वेळ थांबू नका, शेजाऱ्याचं वाजवणं आपल्याला नेहमी आपल्यापेक्षा बरं वाटतं. नंबर पुकारला की एक कर्मचारी स्टेजवर नेतो. पायाखाली गालिचा अंथरलेला असतो, चालण्याच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये म्हणून. समोर पडदा. तुम्ही बोलायचं नाही, शंका असेल तर कर्मचाऱ्याच्या कानात सांगायची आणि तो विचारतो. पडद्यामागून कोणीतरी म्हणतं, पहिला उतारा. पाच-सात मिनिटांनी ‘थँक यू’. मग दोन तास वाट बघायची, आणि पुढे गेलेल्यांचे नंबर वाचून दाखवतात. त्यात आपला नसला की केस उचलून विमानतळ.

पाच-सात मिनिटांत माणूस कळतो का, असं विचाराल तर माणूस कळत नाही. सूर-ताल-आवाज कळतो, आणि पहिल्या फेरीत तेवढंच हवं असतं. चाळणी लावणाऱ्याला दिवसाला साठ जण ऐकायचे असतात.

तो पडदा खरंच असतो का? आणि त्यानं फरक पडतो का?

असतो. बॉस्टन सिंफनीनं 1952 मध्ये तो पहिल्यांदा लावला, सत्तर-ऐंशीच्या दशकांत बाकीच्यांनी उचलला. बहुतेक ठिकाणी शेवटच्या फेरीत तो काढतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात अखेरपर्यंत ठेवतात.

अमेरिकेतल्या पहिल्या पाच ऑर्केस्ट्रांत 1970 मध्ये स्त्रिया पाच टक्क्यांहून कमी होत्या, 1997 मध्ये पंचवीस टक्के झाल्या. याचं बरंच श्रेय गोल्डिन आणि राउस या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2000 साली पडद्याला दिलं. नंतर त्यांच्या आकडेवारीवर आक्षेपही आले, नमुना लहान आहे, निष्कर्ष दाखवतात तेवढा भक्कम नाही वगैरे. मला विचाराल तर पडदा हवाच. पण तो स्टेजवरचं झाकतो, स्टेजपर्यंत कोण पोचलं ते त्याच्या हातात नसतं. अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांत कृष्णवर्णीय वादक अजून दोन टक्क्यांच्या आसपास आहेत. लहानपणी चांगलं वाद्य कोणाला मिळालं, चांगला शिक्षक कोणाला परवडला, ऑडिशनला विमानानं कोण जाऊ शकलं, हे सगळं पडद्याच्या अलीकडचं. आपल्याकडच्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

जर्मनीत पण असंच असतं का?

नाही. पहिली अट म्हणजे आमंत्रण. अर्ज पाहून ते ज्यांना बोलावतील त्यांनीच जायचं. तुम्ही कोणाकडे शिकलात, आधी कुठल्या ऑर्केस्ट्रात किंवा ऑर्केस्ट्राच्या प्रशिक्षण अकादमीत बसलात, यावर आमंत्रण ठरतं. नव्या मुलांना पन्नास अर्जांवर दोन-तीन आमंत्रणं आली तरी वाईट समजू नये. ऐकायला ऑर्केस्ट्रातलेच लोक बसतात आणि मत देतात. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये तर सगळे सदस्य मतदान करतात. मोत्झार्टच्या पहिल्या पानावरच ‘डांके’ (धन्यवाद, पुरे) ऐकू येऊ शकतं, त्याचा अपमान वाटून घेऊ नका.

व्हिएन्ना फिलहार्मोनिकची तऱ्हा आणखी वेगळी. आधी व्हिएन्ना स्टेट ऑपेराच्या ऑर्केस्ट्रात जागा मिळवायची, तिथे किमान तीन वर्षं काढायची, मग सदस्यत्वासाठी अर्ज.

वाद्य कुठलं आहे यानं फरक पडतो का?

खूप, आणि हे कोणी वेळेवर सांगत नाही. क्लॅरिनेटची दोन घराणी आहेत, फ्रेंच पद्धतीची बोटं आणि जर्मन पद्धतीची. भारतात मिळतं आणि शिकवलं जातं ते बहुतेक फ्रेंच पद्धतीचं. जर्मन ऑर्केस्ट्रांना जवळपास सगळीकडे जर्मन पद्धतीचंच क्लॅरिनेट लागतं. म्हणजे पंधरा वर्षं रियाज केलेल्या मुलाला जर्मनीतली बहुतेक दारं बंद, नाहीतर बोटं नव्यानं बसवायची. ट्रम्पेटलाही तिथे रोटरी व्हॉल्व्हचं वाद्य हवं असतं. व्हिएन्नात ओबो आणि हॉर्न खास व्हिएन्नाचे. शिवाय जर्मनीत पट्टी जरा चढी, म्हणजे ज्या ‘ए’ स्वराला सगळे वाद्य जुळवतात तो 443 हर्ट्झच्या आसपास, अमेरिकेत 440-441. ओबो आणि बासूनवाल्यांना रीड (तोंडात धरायची वेताची पट्टी) स्वतः तासायला शिकावीच लागते, आणि मुंबईच्या दमट हवेत तासलेली रीड म्युनिकच्या हिवाळ्यात वेगळीच बोलते. वाद्य निवडतानाच कुठल्या देशात जायचं ते डोक्यात असलेलं बरं.

शंभर जण आले आणि कोणालाच घेतलं नाही, असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे, आणि वरचेवर होतं. अंतिम फेरीत तिघे उरतात, समितीत एकमत होत नाही किंवा म्युझिक डायरेक्टरला, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या मुख्य कंडक्टरला, पटत नाही, आणि जाहीर होतं की निवड नाही. अमेरिकेत शेवटचा शब्द बहुधा म्युझिक डायरेक्टरचा असतो. सहा महिन्यांनी तीच जाहिरात पुन्हा.

ऑर्केस्ट्रांची बाजू अशी की परमनंट वादक म्हणजे तीस वर्षांचा संसार, शंका असेल तर न केलेलं बरं. मला हे अर्धंच पटतं. तोपर्यंत ती खुर्ची रिकामी राहत नाही, तिथे बदली वादक येऊन रोज तेच संगीत वाजवतो आणि ते चालतंही. दर आठवड्याला ज्याचं वाजवणं चालतं तो पडद्यापलीकडून मात्र पुरेसा वाटत नाही, यातली विसंगती समित्यांना दिसत नसेल असं नाही. आणि शंभर जणांनी स्वखर्चानं केलेला प्रवास कोणाच्याच ताळेबंदात येत नाही.

निवड झाली म्हणजे झालं ना?

प्रोबेशन बाकी असतं. जर्मनीत साधारण एक वर्ष, बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये दोन वर्षांपर्यंत, अमेरिकेत एक ते दोन सीझन. त्यानंतर सहकारी मत देतात किंवा समिती ठरवते. या काळात फक्त वाजवणं बघत नाहीत. शेजारच्याच्या सुरात सूर मिसळतो का, आवाज योग्य वेळी कमी होतो का, तालमीला वेळेवर येता का, पान उलटण्यावरून कुरबुर होते का, हे सगळं.

आणि कधीकधी भलतंच बघतात. अमेरिकन ट्रॉम्बोनवादक अ‍ॅबी कोनान्ट यांना म्युनिक फिलहार्मोनिकनं 1980 मध्ये ऑडिशनला बोलावलं ते ‘हेर’ म्हणून, म्हणजे श्रीयुत समजून. पडद्यामागून त्या जिंकल्या. पडदा उघडला आणि गोंधळ उडाला. प्रोबेशन पार पडलं, पण 1982 मध्ये त्यांना मुख्य जागेवरून दुसऱ्या ट्रॉम्बोनवर उतरवलं. ताकद कमी पडते म्हणे. त्यांनी फुप्फुसांची क्षमता तपासून अहवाल आणले. कोर्टकज्जे 1993 पर्यंत चालले, आणि त्या जिंकल्या.

त्याच सुमारास बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये तिथला मुख्य कंडक्टर काराजान यानं क्लॅरिनेटवादक साबिने मायर यांना आणलं. ऑर्केस्ट्रानं 73 विरुद्ध 4 मतांनी नकार दिला, कारण काय तर त्यांचा आवाज इतरांत मिसळत नाही. 1984 मध्ये त्या स्वतःच बाहेर पडल्या आणि पुढे एकल वादक म्हणून जगभर गाजल्या. ‘मिसळत नाही’ हा शेरा खरा असू शकतो आणि निमित्तही असू शकतो, त्याची ही पंचाईत आहे. व्हिएन्ना फिलहार्मोनिकनं स्त्रियांना सदस्य करून घ्यायला तर 1997 साल उजाडलं. आज चित्र बरंच बदललं आहे, तरी प्रोबेशनमधलं मतदान ही माणसांची गोष्ट आहे हे लक्षात ठेवून वागा.

लंडनचं काय?

तिथे ऑडिशननंतर ‘ट्रायल’ असते. चार-पाच जणांना आळीपाळीनं कार्यक्रमांत बसवून बघतात. महिनोन् महिने, कधी वर्षाहूनही जास्त, आणि तुम्हाला कोणी काही सांगत नाही. लंडन सिंफनीसारखे मोठे ऑर्केस्ट्रा वादकांच्याच मालकीचे आहेत, पण सदस्य झालात तरी पगार नाही. वाजवलं तर पैसे, आजारी पडलात तर घरी. पगारी नोकरी हवी तर बीबीसीचे ऑर्केस्ट्रा.

पगार किती असतो?

वरच्या टोकाला भरपूर. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या 2024 च्या करारानुसार किमान पगार 2026-27 पर्यंत वर्षाला 2 लाख 5 हजार डॉलर होतो. पण असे ऑर्केस्ट्रा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. खाली आलं की तालमीगणिक आणि कार्यक्रमागणिक पैसे. कॅलिफोर्नियात तीन-चार गावांच्या ऑर्केस्ट्रांत वाजवत गाडीतच आयुष्य काढणाऱ्यांना ‘फ्रीवे फिलहार्मोनिक’ म्हणतात. जर्मनीत पगार सामूहिक करारानं ठरतो, ऑर्केस्ट्राच्या श्रेणीप्रमाणे. डोळे दिपवणारा नसतो, पण सुट्टी, विमा, पेन्शन सगळं असतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी जर्मनीकडे ढकलतो त्याचं हे एक कारण.

एकदा परमनंट झालं की मग निश्चिंत?

तुम्ही निश्चिंत असता, ऑर्केस्ट्रा असतोच असं नाही. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रानं 2011 मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला होता, नंतर तो सावरला. मिनेसोटात व्यवस्थापनानं 2012 मध्ये वादकांना बाहेर काढून टाळं लावलं, ते सोळा महिन्यांनी निघालं. तोवर अनेक चांगले वादक दुसरीकडे गेले. सॅन अँटोनिओ सिंफनी 2022 मध्ये कायमची बंद झाली. बीबीसीनं 2023 मध्ये इंग्लंडमधल्या आपल्या ऑर्केस्ट्रांतल्या पगारी जागा वीस टक्क्यांनी कमी करायचं जाहीर केलं, ओरड झाल्यावर थांबवलं.

ऑडिशनला किती खर्च येतो?

प्रवास, हॉटेल, साथीदार लागला तर त्याचे पैसे, सगळं आपलं. चेलोला विमानात स्वतंत्र तिकीट काढावं लागतं, डबल बेस मोठ्या पेटीतून मालासारखा जातो. अमेरिकेत नोकरी मिळण्याआधी वीस-पंचवीस ऑडिशन देणारे पुष्कळ असतात. गुणिले करून बघा. कर्ज काढून परदेशी शिकायला पाठवणाऱ्या पालकांनी फीबरोबर हा आकडाही धरावा. जर्मनीत सरकारी संगीत विद्यापीठांची फी नाममात्र असते. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्याला सहामाहीला 1500 युरो पडतात.

हात थरथरू नये म्हणून गोळी घेतात म्हणे?

घेतात. प्रोप्रानोलॉल, म्हणजे बीटा ब्लॉकर. अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रा वादकांच्या 1987 च्या पाहणीत 27 टक्क्यांनी बीटा ब्लॉकर घेत असल्याचं सांगितलं होतं. नशा येत नाही, सूरही सुधारत नाही. छातीतली धडधड आणि हाताचा कंप तेवढा कमी होतो. दमा असलेल्यांना ही गोळी धोक्याची आहे. डॉक्टरांना न विचारता, मित्राच्या पाकिटातली एक, असं अजिबात करू नका. नैतिक-अनैतिक या वादात मी पडत नाही. त्याआधी एक करा: जिने चार वेळा चढून या आणि धाप लागलेली असताना पहिला उतारा वाजवा. ऑडिशनला शरीर असंच असतं, त्याची ओळख घरी झालेली बरी.

ओळख लागते का?

वशिला चालत नाही, ओळख चालते. ऑर्केस्ट्रात कोणी आजारी पडलं की बदली वादकांच्या यादीतून फोन जातो, आणि त्या यादीत नाव लागतं ते कोणीतरी तुम्हाला ऐकलेलं असतं म्हणून. अकादम्या त्यासाठीच आहेत. बर्लिन फिलहार्मोनिकची काराजान अकादमी 1972 पासून चालते, तिथे शिकणारे ऑर्केस्ट्राबरोबर बसून वाजवतात, आणि त्यातले कितीतरी पुढे तिथेच लागले. मायामीचा न्यू वर्ल्ड सिंफनी 1987 मध्ये निघाला तोच पदवीनंतरच्या मुलांना नोकरीसाठी तयार करायला. युरोपियन युनियनच्या युथ ऑर्केस्ट्राला तिथलंच नागरिकत्व लागतं, त्यावर वेळ घालवू नका. श्लेस्विग-होल्स्टाइन (जर्मनी), व्हर्बिए (स्वित्झर्लंड) आणि जपानमधल्या सापोरोचा पॅसिफिक म्युझिक फेस्टिव्हल या महोत्सवांचे तरुण वादकांचे ऑर्केस्ट्रा आपल्याला खुले आहेत.

वय निघून गेलं का?

अकादम्यांना वयोमर्यादा असते, बहुतेक ठिकाणी पंचविशी-तिशीच्या आत. नोकरीला कागदोपत्री नसते. पण जर्मनीत पस्तिशीच्या, अनुभव नसलेल्या उमेदवाराला आमंत्रण येणं कठीण.

व्हिसा?

जर्मनीत पदवी घेतली तर नोकरी शोधायला अठरा महिन्यांचा परवाना मिळतो. अमेरिकेत संगीताच्या पदवीनंतर बारा महिने काम करता येतं, तेवढ्यात निघालेल्या जागांतच नशीब आजमावायचं. कुठलंही ऑडिशन जिंकण्याआधी ऑर्केस्ट्रा तुमच्या व्हिसाची जबाबदारी घेत नाही.

जाहिराती कुठे मिळतात?

अमेरिकेसाठी तिथल्या वादकांच्या कामगार संघटनेचं ‘इंटरनॅशनल म्युझिशियन’ मासिक. जर्मनीसाठी ‘दास ऑर्केस्टर’ मासिक आणि मूव्हाक ही वेबसाइट, अर्ज बहुतेक मूव्हाकवरूनच करायचे असतात. ब्रिटन आणि बाकी जगासाठी म्युझिकलचेअर्स ही वेबसाइट. जाहिरात आणि ऑडिशन यांत साधारण दोन-तीन महिने असतात, म्हणून नेहमीचे वीसेक एक्सर्प्ट जाहिरातीची वाट न बघता आधीच तयार ठेवा. यादीत आवृत्ती आणि मापांचे आकडे दिलेले असतील तर तीच आवृत्ती काढा. चाळणीसाठी रेकॉर्डिंग मागितलं तर मोबाइल हातात धरून काढू नका, पंखा बंद करा, आणि शेजारच्या बिल्डिंगचं काम कधी थांबतं ते बघून वेळ ठरवा. पुण्यात ती बहुधा दुपारी एक ते दोन असते.